रंग आला का?

सोमवार, १७ नोव्हेंबर १९५८

आज पुन्हा तेच! नानासाहेब, म्हणजे आमचे मुख्य केमिस्ट, सगळ्या प्रयोगशाळेसमोर म्हणाले, "ज्योतीरामचा आकडा डोळे झाकून घ्यावा." माझा आकडा शेजारीच लिहिलेला होता. तोही तोच होता. पण माझ्याबद्दल चकार शब्द नाही!

पिंपरीला या कारखान्याच्या भिंती उठत होत्या तेव्हापासून मी इथं आहे. हा लातूरकडचा बाबा गेल्या वर्षी आला. "सयाजीराव, तुम्ही दाखवाल तसं करतो," म्हणाला. दाखवलं. आता कौतुक त्याचं, आणि मी भिंतीवरचं कॅलेंडर.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

रात्री जेवताना आईनं विचारलं, दिवसभर तिथं काय करता रे? तिला सांगितलं — सोड्याची पोती येतात. त्यातला थोडा सोडा तोलून पाण्यात विरघळवायचा, वर मिथिल ऑरेंजचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं होतं. मग ब्युरेटमधून, म्हणजे तोटी लावलेल्या लांब काचेच्या नळीतून, अ‍ॅसिड थेंब थेंब सोडायचं. पिवळ्याचं नारिंगी झालं की तोटी बंद. किती अ‍ॅसिड गेलं त्यावरून सोडा किती अस्सल ते कळतं. थांबायला उशीर झाला तर पाणी तांबडं होतं आणि आकडा फुगतो.

"म्हंजी दुधात पानी किती ते बघत्यात तसं," आई म्हणाली. व्हय, तसंच. मग तिनं विचारलं, तो ज्योतीराम पण हेच करतो का? घरात सुद्धा तोच!

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

त्याची ती हाक — डोक्यात जाते. डावा हात तोटीवर, उजव्या हातानं फ्लास्क हलवत असतो, आणि मान माझ्याकडं — "सयाजीराव, रंग आला का?" दर वेळी! मी हातातलं काम टाकून बघायचं. "अजून नाही... थांब... आता." की ह्याची तोटी बंद. स्वतःला दिसत नाही का? मला ठाऊक आहे हे कशासाठी चालतं. साहेबांच्या खोलीचं दार उघडं असतं ना! बघा, पोरगा किती नम्र, अजूनही ज्येष्ठांना विचारून करतो. वा रे नम्रता!

आणि साहेबी थाट तर बघा. बूट चकचकीत, पण आज पाय वर घेऊन बसला तेव्हा एक मोजा हिरवा, दुसरा तपकिरी. मी सगळ्यांना दाखवलं. सगळे हसले. तोही हसला. जरा उशिरानं हसला.

रविवार, २३ नोव्हेंबर

आईनंच त्याला मोशीला आमच्या घरी जेवायला बोलावलं. रहाटणीत खोली घेऊन एकटा राहतो, हातानं करून खातो, म्हणून हिला कळवळा. जेवून झाल्यावर पठ्ठ्यानं स्वतःचं ताट स्वतः घासलं. मग इंद्रायणीवरून दोन घागरी पाणी आणून दिलं. आई मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "लई गुणाचं पोरगं हाय." मी काय अवगुणाचा आहे?

मंगळवार, २५ नोव्हेंबर

काल अंगात कणकण होती म्हणून गेलो नाही. आज जाऊन बघतो तर सोड्याचे सगळे नमुने तसेच पडलेले! ज्योतीरामनं दिवसभर तराजूची कामं उरकली, सोड्याला हात लावला नाही. मला वाटलं, आता साहेब झापणार. कसलं काय. "तराजूची तुंबलेली कामं संपवली, शाब्बास."

गुरुवार, २७ नोव्हेंबर

मोठी बातमी! परदेशातून रंग मोजायचं यंत्र येतंय. रंगीत पाणी काचेच्या नळीत भरून आत ठेवायचं, त्यातून दिव्याचा उजेड सोडायचा, काटा हलून आकडा दाखवतो. माणसाच्या डोळ्याची गरजच नाही. ते शिकायला आमच्यातला एक जण मुंबईला जाणार, आणि परत आला की यंत्र त्याच्या ताब्यात. बाकीचे जन्मभर फ्लास्क हलवत बसणार.

मला ते पाहिजे. देवाशप्पथ पाहिजे. दुसरं काही मागत नाही.

ज्योतीराम साहेबांना विचारत होता, "काटा कुणालाही वाचता येतो का, साहेब?" असा हावरट चेहरा मी त्याचा कधी पाहिला नव्हता.

सोमवार, १ डिसेंबर

साहेबांनी एकाच बाटलीतला सोडा आम्हा दोघांना दिला. त्यात भेसळ किती ते फक्त त्यांना माहीत. ज्याचा आकडा जवळ येईल तो मुंबईला जाणार.

माझं लवकर झालं. मग आलीच हाक. आजच्या दिवशी सुद्धा! "सयाजीराव, रंग आला का?"

मी बघितलं. आला होता. स्वच्छ नारिंगी.

"अजून नाही," मी म्हणालो.

त्यानं आणखी सोडलं. पाणी चांगलं तांबडं झाल्यावर मी म्हणालो, आता. त्यानं पुन्हा पुन्हा करून बघितलं आणि मी दर वेळी तेच केलं. गंमत म्हणजे तांबड्याकडं बघून तो खुशाल मान डोलवत होता. एवढा घमेंडखोर, की समोरचं दिसत असून माझ्यावर जबाबदारी टाकतो! बरं झालं, म्हटलं. एकदा तोंडावर आपटू दे.

मंगळवार, २ डिसेंबर

माझा आकडा साहेबांच्या आकड्याला जाऊन टेकला. ज्योतीरामचा शंभर टक्क्यांच्याही वर गेला! साहेब म्हणाले, "लातूरकर, असा सोडा तर देवाच्या घरीही मिळत नाही." सगळे खो खो हसले. शंभराच्या वर सोडा असूच शकत नाही हे त्याला कळत नव्हतं? कळत होतं. हिशेब करताना थांबलेला मी बघितला होता. तरी तोच आकडा लिहून दिला.

मुंबईला मी जाणार! घरी जाताना पेढे घेतले. आईनं विचारलं, ज्योतीरामला दिलास का?

गुरुवार, ४ डिसेंबर

आज जेवणाच्या सुट्टीत तो माझ्यामागं बाहेर आला. कारखान्याच्या कुंपणापाशी बसलो. त्यानं भाकरीचं फडकं सोडलंच नाही. अगदी हळू आवाजात म्हणाला, "मला तांबडं-हिरवं, नारिंगी-पिवळं वेगळं दिसत नाही, सयाजीराव. जन्मापासून. पहिल्या दिवसापासून मी तुमच्या डोळ्यानं काम करायलोय."

मला आधी कळलंच नाही. मग ते मोजे आठवले. मी नव्हतो त्या दिवशीचे सोड्याचे नमुने आठवले.

म्हणजे डोळे झाकून घ्यावा असा तो आकडा — माझा होता! साहेबांनी इतके दिवस कौतुक केलं ते माझ्या डोळ्याचं. आणि मी त्यावर जळत होतो. स्वतःवर! गाढव साला.

मी म्हणालो, मग परवा शंभराच्या वर गेल्यावर बोलला का नाहीस? तो म्हणाला, काय बोलू? केमिस्टला रंग दिसत नाही हे साहेबांना कळलं तर नोकरी जाईल. म्हणून लिहून दिला. यंत्र आलं असतं तर कुणाला विचारावं लागलं नसतं, काट्याला रंग नसतो, एवढीच आशा होती.

"तुम्ही खोटं सांगाल असं वाटलं नव्हतं हो," म्हणाला. रागावून नाही. रागावला असता तर मीही चार शब्द बोललो असतो. मग उठला आणि आत गेला.

शुक्रवार, ५ डिसेंबर

साहेबांकडे गेलो. म्हणालो, आईला बरं नसतं, मुंबईला ज्योतीरामला पाठवा. ते म्हणाले, मुंबईला तुझं नाव कळवून झालं, आणि शंभराच्या वर सोडा दाखवणाऱ्याच्या हातात यंत्र देऊ का? खरं कारण सांगावं तर त्याची नोकरी जाते. न सांगावं तर यंत्र मला मिळतं. मागत होतो ना! घे आता.

पेढ्याचा पुडा आईनं उघडलेला सुद्धा नाही.

सोमवार, ८ डिसेंबर

आज सोड्याचा नवा माल आला. ज्योतीरामनं ब्युरेट भरली, तोटीवर हात ठेवला. मी हातातलं काम खाली ठेवून तयार उभा होतो. या वेळी अगदी खरं सांगणार होतो, थेंबाला थेंब.

त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही. कोपऱ्यात बाटल्या धुणाऱ्या अंबूबाईंना हाक मारली, "मावशी, जरा या की. रंग आला का बघा."