शोकसभेनंतरची खुशाली

मु. पो. टेंभाळी, ता. खालापूर
बुधवार, दि. २९ डिसेंबर १९८२

ती. मालोजीदादास,
वाल्मिकचा सप्रेम जयभीम.

इकडे सर्वजण खुशाल आहेत. त्यांत आईही आहे. गेल्या रविवारी दुपारी पोपटने तिला आमच्या अंगणात पाहिलं, तिच्याशी बोलला, आणि तेवढ्याने समाधान होईना म्हणून तिचा हात धरून पाहिला. तुझ्या चाळीतल्या शोकसभेत तू ज्याला पहिल्या रांगेत बसवलंस तोच हा आपल्या शेजारचा पोपट. तेव्हा त्याची साक्ष तुला चालायला हरकत नाही.

तो गोदीतून आठ दिवसांची रजा काढून आला. अंगणात शिरतानाच चेहरा पाडून शिरला. माझ्या गळ्यात पडायला त्याने हात पसरले, तेवढ्यात त्याला आई दिसली. डाव्या डोळ्यावर हिरवी पट्टी, मांडीवर सूप, तांदळातले खडे बोटांनी चाचपत बसलेली.

"आगं काकू, तू हायस?"

"मग कुठं जानार? बस. हिरू च्या ठेवते."

"नाय, पन आमी तिकडं हार घातला गं."

"कुनाला?"

"तुज्या फोटूला."

मला हसू आलं नाही. आईला आलं. मग तिने त्याला समोर बसवून एकेक विचारून घेतलं. किती माणसं होती? साठ-सत्तर. फोटो कुठला? लग्नातला, वहिनीच्या शेजारी उभी आहे तो; वहिनीवर कागद चिकटवला होता. खायला काय होतं?

"च्या."

"निस्ता?"

"संप हाय ना, काकू."

"मग बराबर हाय," आई म्हणाली.

हे कसं झालं ते मी जुळवलं आहे. नोव्हेंबरात मी तुला कार्ड टाकलं होतं. त्यात एवढंच होतं: "आईचे डोळ्याचे ऑपरेशन कर्जतच्या शिबिरात १२ डिसेंबरला ठरले आहे, तरी तू यावेस." कार्डाचा एक कोपरा माझ्या खणात उंदराने खाल्ला होता. मयताच्या कार्डाचा कोपरा फाडतात, ते घरात घेत नाहीत, बाहेरच वाचून फाडून टाकतात, हे मला कोणी सांगायला नको. अकरा वर्षं मी या गावाचं पोस्ट आपल्या ओटीवर चालवतो आहे, आणि तसली कार्डं लोकांच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून वाचून दाखवली आहेत. ते कार्ड गिऱ्हाइकाला विकता येण्यासारखं नव्हतं. तुला चालेल असं मला वाटलं. माझ्याकडून झालं ते एवढं.

पुढचं तुमच्याकडचं. वहिनीने दारात कार्ड घेतलं, फाटका कोपरा पाहिला, "आईचे" एवढा पहिला शब्द वाचला आणि तिथेच फाडून गटारात टाकलं. पोपटच्या बायकोला तिने स्वतःच हे सांगितलं. पुढच्या शब्दावर नजर टाकायचीही तिला गरज वाटली नाही. तिला मी फार दोष देत नाही, ती दुसरीपर्यंत शिकली. पण तू? सत्तावन्न साली मुंबईहून येऊन याच अंगणात खुर्चीवर उभा राहिला होतास. सुतक सोडा, कावळा सोडा, अंगात येणं सोडा. मी तेव्हा सात वर्षांचा होतो आणि मला ते भाषण अजून पाठ आहे. आईने ते खरं मानलं. घरातले देव टोपलीत घालून एका सकाळी नदीत सोडून आली आणि परत कधी मागे वळून पाहिलं नाही. तिला शिकवणारा माणूस उंदराच्या दाताला भ्याला.

बरं, भ्यालास. मग यायचं होतंस. आई गेली असं कळल्यावर माणूस येतो. त्याला कार्डाचे तुकडे जुळवावे लागत नाहीत.

तू काय केलंस ते पोपटने सांगितलं. दोन दिवस चाळीतून गेलास, परत आलास, आणि पुढच्या रविवारी सभा लावलीस. सभेत बोललास. पोपटला शब्दन् शब्द लक्षात आहे, कारण तो रडला होता. आईने तुझ्या मांडीवर डोकं ठेवलं. तुझ्या हातून पाणी घेतलं. आणि शेवटचा श्वास घेताना म्हणाली, "मालोजी, लढा सोडू नकोस."

हे पोपटने सांगितलं तेव्हा आईचा हात सुपात थांबला.

"आसं मी बोल्ले?"

"दादा म्हनला तसं."

"मला कुठं येतं रं आसलं बोलायला." एक खडा बाजूला टाकला आणि म्हणाली, "मरताना बरं बोल्ले पन."

त्या बाईला गिरणीचं दार कुठल्या दिशेला आहे ते माहीत नाही, दादा. संपाबद्दल तिने वर्षभरात मला एकच गोष्ट विचारली आहे: पोरं काय खातात?

बाकी इकडचं वर्ष कसं गेलं ते तुला कळवलेलंच आहे. मी यंदा तुला पाच कार्डं टाकली. मार्चमध्ये घराची मागची भिंत खचली ते लिहिलं. जुलैत तांबडा बैल चिखलात बसला तो उठला नाही, लावणी उसन्या बैलावर झाली, ते लिहिलं. सप्टेंबरात हिरूला टायफॉइड झाला आणि आईने, डोळ्यांनी धड दिसत नसताना, सव्वा महिना सुनेच्या जागी भाकरी थापल्या. आणि हे नोव्हेंबरचं. एकाचंही उत्तर नाही. संपावर माणसाला वेळ नसतो अशी माझी समजूत नव्हती.

पट्टी येत्या आठवड्यात सुटेल. डॉक्टर म्हणाले, दिसेल. शिबिरात प्रत्येक म्हातारीबरोबर तिचा मुलगा होता. आईबरोबरही होता, मी होतो. पण ती दारात कोणी आलं की मान वळवायची.

तुला पुरतं उघडं पाडावं म्हणून मी सोमवारी कर्जतला गेलो. तू गाव सोडच, पण कर्जतसुद्धा पाहिलं नसणार. ते दोन दिवस कुठल्या तरी मित्राच्या खोलीवर पत्ते कुटत काढले असणार, अशी माझी खात्री होती. स्टेशनवर आपला धाऊ वडे विकतो. त्याच्या तोंडून ते वदवून घ्यायचं आणि आईला येऊन सांगायचं, एवढ्यासाठी मी एक दिवस पोस्ट हिरूवर टाकलं.

धाऊ म्हणाला, "आल्ता की."

"कधी?"

"म्हयना झाला. सकाळच्या गाडीनं आला नि त्या बाकावर बसला. डोक्याला रुमाल. मी म्हनलं, मालू, खाल्लंस का काय? वडा दिला, तर हातातच धरून बसला. खालापूरची यष्टी आली नि गेली. दुसरी आली नि गेली. मी म्हनलं, आरं, आता तरी जा की. तर मला म्हनतो, आईनं नको म्हटलंय यायला."

"आणखी काय म्हणाला?"

"काय नाय. रातच्याला तिथंच निजला. सकाळी उठून मुंबईच्या गाडीत बसला. तुमच्यात काय झालंय का रं?"

मी काही झालं नाही म्हणालो आणि पुढच्या यष्टीने घरी आलो.

वर मी पाच कार्डं लिहिली आणि चारच सांगितली. पाचवं मे महिन्यातलं. भाताच्या रोपासाठी राब भाजून झाला होता, मी ओटीवर टपालाची थैली बांधत होतो, आणि आई शेजारी येऊन बसली. म्हणाली, "त्याला लिव. म्हनावं, पोरान्ला घिऊन ये. संप मिटंस्तवर हितंच ऱ्हावा. कनगीत भात हाय. लाजू नको म्हनावं." मी कार्ड घेतलं आणि लिहिलं, "आईचे सांगणे आहे की इकडे भागत नाही, तूर्त कोणी येऊ नये." मग तिला वाचून दाखवताना तिचेच शब्द पुन्हा म्हटले. कार्डावर नजर ठेवून. आमच्या कामात ते जमतं. ती म्हणाली, "बेस लिवलंस."

कारण सांगतो. समोरच्या कोंडीरामच्या घरी एप्रिलात मुंबईहून दोन भाऊ आले, माणसं नऊ. महिन्याभरात एका घरात दोन चुली झाल्या आणि कोंडीरामची बायको माहेरी गेली. मला ते रोज ओटीवरून दिसत होतं. हे कारण खरं आहे. पण कार्ड लिहून झाल्यावर मला बरं वाटलं, हेही खरं आहे. वीस वर्षं तू दिवाळीत दोन दिवस यायचास, भाषण करायचास, आणि तू गेल्यावर आठ दिवस आई तुझंच बोलायची. भाकर मी घालतो, औषध मी आणतो, आणि ती फाट्याकडे बघत बसते. एकदा तरी तू फाट्यावरून आला नाहीस तर काय होईल ते मला बघायचं होतं.

ते मी बघितलं. तू आला नाहीस म्हणून तिने मे महिन्यापासून एकदाही कुरकुर केली नाही. फक्त कनगीचं झाकण मला काढू देत नव्हती. "ऱ्हाऊ दे, येतील ती," म्हणायची. लावणी झाली, कापणी झाली, तरी तेच.

तू त्या सभेत खोटं बोललास. ते मी तुला माफ केलेलं नाही, आणि पुढेही करीन असं वाटत नाही. जिवंत बाईच्या तोंडी घोषणा घालणं हे तुलाच सुचू शकतं. आई मेली असं समजूनही, तिने नको म्हटलंय म्हणून स्टेशनवरून परत फिरणारा माणूस म्हणजे कोण असतो मला कळत नाही. एक वेळ ओरडत, भांडत आला असतास तर मला तुझ्याबद्दल काही वाटलं असतं. पण तू बाकावर बसलास, आणि तुला तिथे बसवलं मी. हे बाकाचं आणि कार्डाचं आईला काही माहीत नाही.

धाऊकडून आल्यापासून मी तिला सांगायला तीनदा गेलो. पहिल्यांदा ती झोपली होती. दुसऱ्यांदा हिरू तिच्या डोळ्यात औषध घालत होती. तिसऱ्यांदा ती एकटीच होती, जागी होती, आणि मी तिला विचारलं की पाणी हवं का. तर ती म्हणाली, "नगं. म्या ये म्हनले, भात हाय म्हनले, तरी तो नाय आला. मेले तरी नाय आला. त्याला मी इचारनार हाय, वाल्मिक." मी बरं म्हणालो.

पोपटची रजा संपते आहे. रविवारी, दोन तारखेला, तो पहिल्या गाडीने परत जाईल. आई त्याच्याबरोबर येते आहे. डॉक्टरांची पट्टी, थंडी, मी, कोणाचंही ऐकत नाही. मला बरोबर येऊ नको म्हणाली. पोस्ट सांभाळ म्हणाली. हे पत्र उद्याच्या थैलीत जाईल, म्हणजे शनिवारी तुझ्या हातात पडेल. या वेळी पाकीट वापरलं आहे आणि चारही कोपरे शाबूत आहेत, वहिनीला आधी सांग.

ती दहाच्या सुमाराला दारात येईल. फोटो भिंतीवर असेल तर उतरवून ठेव. ती बसायच्याही आधी विचारेल, का नाय आलास. तू काही बोलू नकोस, तुझ्या बोलण्यात वाक्यं फार असतात. मे महिन्याचं कार्ड तेवढं तिच्या हातात दे. ते माझ्याविरुद्ध जपून ठेवावं असं तुला आत्तापर्यंत काही कारण नव्हतं, तेव्हा टाकून दिलं असशील असंही होईल. तसं असेल तर हे पत्र दे. वाचायला पोपट आहे. तो असेल तसं वाचतो.

मंगळवारी पट्टी सोडायला तिला कर्जतला यायचं आहे. तू तिला घेऊन येशील, किंवा ती तुमच्यातच राहील आणि पट्टी तिकडेच सुटेल. मी सोमवारी संध्याकाळपासून प्रत्येक यष्टीला फाट्यावर असेन.

खाली कोणत्या नात्याने सही करायची ते तिने सगळं ऐकल्यावर ठरेल. तूर्त नुसता,

वाल्मिक