शिंपिणीच्या चिठ्ठ्या

४ मार्च, सोमवार

आले एकदाची! मामाने दार उघडलं, आधी माझ्या पिशवीकडे बघितलं. "या खेपेला किती दिवस?" मी म्हटलं, कायमची. तर हसला! हसायचं काय त्यात? छापखाना सोडला, होडीवरचं काम सोडलं, नाटकवाल्यांचा ट्रक सोडला — कबूल. पण ते सगळे परके. हे माझं घर. मामी गेली तेव्हा मी आठ वर्षांची होते, आणि सतराव्या वर्षी पळेपर्यंत इथेच, याच गॅरेजच्या माडीवर वाढले. "हे दुकान माझी भाची चालवणार," असं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला कोण सांगायचं? मामाच ना!

मग आता चालवते म्हटलं तर हसू येतं.

खाली एक बाई दिसली. चहा पीत होती. माझ्या कपातून.

५ मार्च

ती बाई शिंपीण आहे. टोमणा नाही मारत — खरोखरची शिंपीण, कोपऱ्यावर कपडे शिवायचं दुकान आहे तिचं. रोज सकाळी तीन तास मामाकडे येते. दोन वर्षं झाली म्हणे. गाड्यांच्या वायरिंगला शिंपीण! उद्या न्हावी ठेवेल ब्रेक करायला.

मामा तिला "बाई" म्हणतो. अहो-जाहो. मला "अगं ए".

६ मार्च

गाडीविषयी लिहायचंच राहिलं. साठ वर्षांची आहे, गोल डोळ्यांची, पुढून बघितली की चिडलेल्या आत्याबाईसारखी दिसते. एका डॉक्टरीणबाईंच्या वडिलांची. वीस तारखेला त्या निवृत्त होतायत आणि शेवटच्या दिवशी दवाखान्यातून घरी याच गाडीने जायचंय, स्वतः चालवत. गाडीला बाकी सगळं आहे. वायरिंग मात्र उंदरांनी खाल्लंय.

म्हणजे हार्नेस. सगळ्या गाडीच्या वायरी एका जुडग्यात बांधलेल्या, झाडाच्या मुळांसारख्या फुटत जाणाऱ्या. मामाने जुना हार्नेस अख्खा बाहेर काढून मोठ्या फळीवर पसरलाय. जिथे वळण, तिथे खिळा. नवीन वायरी त्याच वाटेने टाकायच्या. शिंपीण म्हणाली, "कापडावर बेतायचा कागद ठेवतो ना, तसंच." मला कुणी विचारलं होतं?

मामाचा एकच नियम — दोन्ही टोकांना चिठ्ठी बांधल्याशिवाय वायरीला हात लावायचा नाही. चिठ्ठ्या शिंपीण शिवते, कापडाच्या, बोटाएवढ्या. 'दिवे'. 'हॉर्न'. 'अर्थ — बॉडीला'. (अर्थ म्हणजे अर्थिंग; ती वायर गाडीच्या पत्र्याला जाते.) अक्षर मोत्यासारखं. मला मोती आवडत नाहीत.

८ मार्च

हेडलाइटच्या रिकाम्या वाटीत कुंभारीण माशी घर करतेय. चिखलाचा एकेक गोळा आणते, थापते, पुन्हा जाते. किती फेऱ्या करते ते मोजत बसले — एकतीस — तोवर सोल्डरिंगचं कथील थंड झालं, सांधा वाया. मामा म्हणाला, "तुझं शरीर इथे असतं. बाकीची कुठे असतेस?" शिंपीण खाली बघून हसली. दिसलं मला!

११ मार्च

दर दहा मिनिटांनी — "बाई, जरा इकडे उभ्या राहा." ती जाते, त्याच्या खांद्याशी उभी राहते, दोघं वायरींवर वाकतात, ती हळूच काहीतरी पुटपुटते, तो मान डोलावतो. एवढं काय गुपित?

मी म्हटलं, मामा, मी उभी राहते.

"तू सोल्डर कर."

लहानपणी त्या जागी मी असायचे. पत्र्याच्या डब्यावर चढून. मामा वायर वर धरायचा — "ओळख!" — आणि मी गल्ली हादरेल एवढ्याने ओरडायचे, हिरवी! लाल! तपकिरी! "शाब्बास, वाघीण!" एकदाही चुकले नाही. दिवसभर चालायचा तो खेळ. मामाला कंटाळा म्हणून यायचा नाही.

डबा अजून आहे. शिंपीण त्यावर चिंध्या ठेवते.

१३ मार्च

आज विचारलंच. "माझ्यापेक्षा तिला काय जास्त येतं?"

मामा बराच वेळ हात पुसत राहिला. "तिला रोज यायला येतं."

झोंबलं. जेवले नाही. (नंतर जेवले.)

१५ मार्च

नवीन हार्नेस तयार! सुती पट्टी गुंडाळलेला, गाडीत बसवलेला, नुसती टोकं जोडायची राहिलीत. मामा त्यावरून हात फिरवत म्हणाला, "बाई, असं काम तीस वर्षांत झालं नाही." तीस वर्षांत! त्यातली नऊ मी होते की नव्हते?

दोघं चहाला बाहेर गेली. मी डॅशबोर्डखाली उताणी पडून होते. नाकासमोर दोन टोकं. तपकिरी — 'अर्थ — बॉडीला'. हिरवी — 'बॅटरीकडून, दिव्यांना'. दोन्ही सारख्याच जाडीच्या.

चिठ्ठ्यांची अदलाबदल केली.

काही होणार नाही. करंटची हिरवी वायर बॉडीला जोडायला मामा काय आंधळा आहे? बघताक्षणी ओरडेल — "बाई, हे काय केलंत!" बस, एवढंच हवंय मला. एकदा तिच्यावर ओरडलेला ऐकायचाय.

१६ मार्च

शिंपीण आली नाही. मुलाला ताप. डॉक्टरीणबाईंचा दोनदा फोन. मामा गाडीभोवती घिरट्या घालत होता. मग म्हणाला, "चिठ्ठ्या आहेत ना. जोडतो मी." मला बल्ब आणायला पिटाळलं.

दारातून मागे वळले होते. देवाशपथ, सांगणार होते. मग वाटलं, दिसेलच की त्याला. आणि नाक्यावर क्रेनने एका इमारतीच्या खिडकीतून अख्खा पियानो आत घेत होते. खालून माणसं ओरडतायत, डावीकडे! उजवीकडे! पियानो हवेत गोल फिरतोय. शेवटपर्यंत थांबले.

परत आले तर रस्त्यापर्यंत जळक्या रबराचा वास. मामाने बॅटरी उपटून काढलेली, तळहातावर हा मोठा फोड. डॅशबोर्डखालून धूर. ज्या वाटेवर फ्यूजच नाही, नेमकी तीच. करंटची वायर तापून शेजारच्या आठ-दहा वायरी वितळवून गेली. एवढ्या दिवसांचं काम!

मामा जमिनीवर बसलेला. ओरडला नाही. नुसता त्या जळक्या चिठ्ठीकडे बघत होता. "बाई चुकणार नाहीत," एवढंच पुन्हा पुन्हा.

मी बल्ब टेबलावर ठेवले.

१७ मार्च

शिंपीण आली. बघितलं. पांढरी पडली. "पोराच्या काळजीत माझ्याच हातून झालं असणार. तुमचा हात भाजला, दादा. उद्यापासून नाही येत मी." मामा म्हणाला, "अहो, ऐका तरी —" पण ती गेली. कात्री विसरली.

मला जे हवं होतं ते सगळं झालं. दुकानात आता मी आणि मामा. डब्यावरच्या चिंध्याही काढून ठेवल्या मी. त्यावर बसवत मात्र नाही.

कुंभारीण माशीचं घर पुरं झालं. तोंड लिंपून ती निघून गेली.

१८ मार्च

सकाळी मामाने हाक मारली — "अगं ए, जरा इकडे उभी राहा." बांधलेल्या हातात दोन वायरी. "ओळख."

मी हसले. तो हसला नाही. वाट बघत होता.

"डावी हिरवी. उजवी तपकिरी."

"मला दोन्ही एकच दिसतात," तो म्हणाला. "जन्मापासून. तुझ्या मामीला ठाऊक होतं. मग तू होतीस. तू गेल्यावर पाच वर्षं चाचपडलो, मग बाई भेटल्या. दोऱ्याला दोरा जुळवणारे डोळे. कुणाला सांगू नकोस — वायरमनला रंग दिसत नाहीत म्हटल्यावर कोण गाडी देईल?" आणि तिसरी वायर पुढे केली. "ही?"

सांगितली. त्याने लगेच जोडली. मी सांगेन तो रंग तो खरा धरतो.

शिंपिणीची कात्री पिशवीत घातलीय. तिच्या दुकानाच्या पायरीवर बसून हे लिहितेय. आतून मशीनचा आवाज येतोय. थांबला की आत जाईन.

थांबला.