खवल्यांचा मासा

कोबे, जपान
१२ मार्च १९६३

प्रिय हेप्झिबाताईस, इसाजीचा शालोम.

इंजिनाची दुरुस्ती लांबली, म्हणून आमची बोट अजून इथेच आहे. तब्येत ठणठणीत आहे.

गोदीमागे एक लहानसे स्वस्त खाण्याचे दुकान आहे. म्हातारा मालक शिरका घातलेल्या भाताच्या मुटक्यांवर कच्च्या माशाचे काप ठेवून देतो. आईला सांग, आपल्या धर्मात वर्ज्य असलेला बिनखवल्यांचा मासा मी इथेही खात नाही. हातवारे करून विचारले, तर त्याने अख्खा मासा आणून खवले दाखवले.

काल त्याने मोडक्या इंग्रजीत विचारले, "घरी आई?"

"आहे. पण माझ्या ताईबरोबर कायमची इस्राएलला चालली आहे. मी पोचण्याआधी त्यांची बोट सुटेल."

त्याला किती कळले कोण जाणे. त्याने आणखी एक बशी पुढे सरकवली. मला खाववेना.

कप्तानाकडे रजा मागितली होती, मिळाली नाही. आईचे गुडघे कसे आहेत? बोटीचा जिना चढताना तू तिच्या मागेच राहा.

पनवेलच्या घराची किल्ली शेजारच्या कमळाबाईंकडे ठेव.

आईला सांग, वर्षभरात मी तिकडे येतो. तुला मात्र तसे खोटे लिहवत नाही.

तुझा धाकटा भाऊ,
इसाजी