वळणावरची बाटली

दि. ४ मार्च

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद. पत्राला उशीर झाला, पण पाय दुखत असले की हातही आळशी होतात. पुढच्या महिन्यातल्या बेचाळीस किलोमीटरच्या शर्यतीत मी नाव घातलंय. छापखान्यात सगळे म्हणतात, दादांना साठीत खूळ लागलं. लागू दे.

या पळण्यावरून वर्षभर अबोला धरून बसलेली तुझी वहिनी आता दर रविवारी स्कूटरवरून माझ्या आधी पुढच्या वळणावर पोचते आणि पाण्याची बाटली पुढे करते. तहान नसली तरी मी पितो. तिचा चेहरा बघून नाही म्हणवत नाही. गेल्या रविवारी मात्र डोकं भयंकर दुखलं, उलटी झाली, बोटं सुजून अंगठी निघेना. पाणी कमी पडलं असेल म्हणून तिने आणखी पाजलं. गंमत म्हणजे घरी वजन केलं, तर पळण्याआधीपेक्षा जास्तच भरलं. तू खेळाडूंच्या घामावर संशोधन करतेस, तर याचा उलगडा कर. आणि हसू नकोस.
तुझा
दादा

दि. १० मार्च

सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि. दादाचं पत्र वाचलं आणि लगेच त्याला फोन केला. आधी डॉक्टरांकडे जा म्हणून बजावलं. पाण्याचंही सांगितलं, तर म्हणाला, ते तुझ्या वहिनीला तूच सांग, माझ्यात धमक नाही. म्हणून हे पत्र.

आमच्या प्रयोगशाळेत धावपटूंचं वजन पळण्याआधी करतो आणि पळून आल्यावर घाम पुसून पुन्हा करतो. बहुतेकांचं थोडं घटतं, ते चालतं. ज्याचं वाढतं त्याच्याकडे आम्ही हातातली कामं टाकून धावतो. घामातून मीठ जातं, वर पाणी ओतत राहिलं की रक्तात उरलेलं मीठ पातळ होतं. डोकेदुखी, उलटी, सूज त्याचीच. पुढे माणूस बेशुद्ध पडतो, जिवावरही बेततं. पाणी कमी पडल्यावरही डोकं दुखतंच, त्यामुळे भल्याभल्यांची फसगत होते. मीठ-साखर घातलेलं पाणीही जास्त झालं तर तोच प्रकार. तेव्हा दादाला तहान लागेल तेव्हाच पिऊ दे.

मला तुझी भीती वाटते, पण दादाची काळजी त्याहून मोठी आहे. रागावलीस तर तसं कळव, गप्प बसू नकोस.
तुझी
छोटी

दि. १५ मार्च

चि. छोटीस,
आशीर्वाद. राग आला. तुझ्या दादाशीही धड बोलले नाही. मग त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे गेले, तर तेही तेच म्हणाले. मीच त्यांना आजारी पाडलं हे कळल्यावर तो राग कुठे ठेवावा हे सुचेना.

खरं सांगू? वर्षभर मी त्यांना अडवत बसले. आता कुठे त्यांच्या पळण्यात मला जागा सापडली होती, तीसुद्धा एका बाटलीपुरती. आता शर्यतीला येऊन मी काय करू, हे तुझ्या संशोधनात आहे का?
वहिनी

दि. १९ मार्च

सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि. संशोधनात नाही, म्हणून माझ्या मनाने सांगते. तू जा. बाटली ने, पण पुढे करू नकोस. त्याने मागितली तरच दे. नुसतं उभं राहणं जास्त अवघड आहे, ठाऊक आहे मला.
तुझीच
छोटी

दि. १२ एप्रिल

चि. छोटीस,
आशीर्वाद. काल शर्यत पार पडली. तुझ्या दादाचा नंबर शेवटून मोजायला सोपा, पण धडधाकट आले.

पहिल्या वळणावर त्यांनी बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मान हलवून पुढे गेले. माझा हात आपोआप उठत होता, तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला. शेजारच्या बाईंनी विचारलं, भांडण झालंय का तुमचं. म्हटलं, नाही हो, नणंदेची ताकीद आहे. ऊन चढलं तसा माझा जीव वरखाली व्हायला लागला. तुझं संशोधनच चुकलं असेल तर, असंही मनात येऊन गेलं. पुढे एका वळणावर मात्र ते थांबले आणि म्हणाले, तहान लागली आहे, थोडं पाणी दे. दोन-तीन घोट घेतले, बाटली परत दिली आणि पळत सुटले. घरी वजन केलं तर थोडं घटलं होतं.

छोटे, लग्न झाल्यापासून त्यांनी माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. मागायच्या आत मी हातात ठेवत आले. त्यांना काय हवंय ते त्यांच्या तोंडून काल पहिल्यांदा ऐकलं, आणि ते गेल्यावर रस्त्याच्या कडेला बसून मी पोटभर रडले.

तुझ्यावर माया आहेच. तुला काही हवं असलं तर सांग. मी थांबेन.
तुझी
वहिनी