वर येताना घाई नको

नाकोरोवातू, कंदावू बेट
३ मे २००८

ती. वाइसालेदादांस,
धाकटी बहीण सालानिएता हिचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही पाठवलेली चहापत्ती बोटीवरून पोचली. दालोचे कंद यंदा चांगले पोसलेत. आपली उनाइसी पाहुण्यांना प्रवाळ दाखवायला पाण्याखाली नेते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. गेल्या सोमवारपासून सूनबाई सासूलाही शिकवतात. पाठीवर हवेची टाकी, कमरेला शिसं, तोंडात नळी. उभा जन्म या खडकांवर गुडघाभर पाण्यात जाळं धरलं, पण खालचं जग पाहिलं ते सत्तावन्नाव्या वर्षी. प्रार्थनेला उशिरा येणाऱ्या बायकांकडे आपले पाद्री पाहतात, तसं एका जाड ओठांच्या माशाने माझ्याकडे पाहिलं. रबरी पोशाखात मी कासवासारखी दिसते असं गावातल्या बायका म्हणतात. त्यांच्या मापाचा पोशाख मिळालेला नाही.

वहिनींना नमस्कार. माया आहे तशी राहू द्यावी.
सालानिएता

सुवा
१२ मे २००८

चि. सालानिएतास अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, चष्म्याचा दोष आहे. तुझा रक्तदाब काय, वय काय, आणि हे काय? आपला भाऊ पेनियासी अशीच नळी तोंडात धरून समुद्रकाकड्या गोळा करायला उतरला होता. तेवीस वर्षं झाली. घरातला एक गेला तेवढा पुरे. हे शिक्षण आजच्या आज बंद कर. विनंती नाही, मोठ्या भावाचा हुकूम आहे.

तुझा,
वाइसाले

नाकोरोवातू
२० मे २००८

ती. दादांस सा. न. वि. वि.

हुकूम मिळाला. पण तो येण्याच्या आदल्या दिवशीच मी परीक्षा पास झाले होते.

एक गोष्ट लिहायची आहे. श्वास कधी रोखायचा नाही आणि वर येताना घाई करायची नाही, हा इथला पहिला धडा. उनाइसीने खाली एक फुगा अर्धा भरला, तोंड बांधलं आणि सोडून दिला. वर जाता जाता तो फुगत गेला आणि फुटला. बाकीचे हसले. मला हसू आलं नाही.

त्या दिवशी मचव्यात तुम्ही होता. शार्कचा पर दिसला म्हणून तुम्ही पेनियासीच्या कमरेचा दोर भराभरा ओढलात. वर आला, तुमचं नाव घेतलं आणि गेला. पाणी सहा पुरुषसुद्धा नव्हतं. गाव म्हणालं, काळीज कमजोर होतं. दादा, भीतीने त्याने श्वास धरला असणार. तेव्हा हे कोणालाच माहीत नव्हतं. तुम्हालाही नव्हतं. तेवढंच सांगायचं होतं.

आपलीच,
सालानिएता

सुवा
२ जून २००८

चि. सालानिएतास,

मला माहीत होतं. तेव्हा नाही, पण चार वर्षांनी इथल्या एका डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मी त्यांचे आभार मानले आणि शाळेत जाऊन सातवीचा भूगोलाचा तास घेतला. त्यानंतर प्रत्येक पत्रात तुला कळवायचं ठरवलं, आणि प्रत्येक पत्रात दालोची चौकशी केली. आईला सांगायचं राहिलं, ती गेली. भाऊबहिणीने समोरासमोर बोलू नये ही आपली रीत मला फार सोयीची पडली. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मी समुद्राला घाबरलो नव्हतो. तुला कळेल, याला घाबरलो होतो.


वाइसाले

नाकोरोवातू
११ जून २००८

ती. दादांस सा. न.

मला राग आला. चार दिवस टिकला. भाजीत मीठ का नाही, असं उनाइसीने दोनदा विचारलं. माफ केलं असं लिहिलं होतं, मग खोडलं. ते पेनियासीने करायचं. मी त्याच्या वतीने कशी करू?

पुढच्या शुक्रवारच्या बोटीने या. सोमवारी सकाळी मी त्याच जागी उतरणार आहे. उनाइसी माझ्याबरोबर असेल, तुम्ही मचव्यात बसा. रीत पाळायची तर माझ्याकडे पाठ करून बसा. अर्धा तास लागेल. कितीही भीती वाटली तरी काही करायचं नाही, नुसतं बसायचं. वर आले की पाण्यावर हात आपटीन. मग वळून बघितलंत तरी चालेल.

वाट पाहते.
तुमची बहीण,
सालानिएता