आई, तू ‘आमेन’ म्हणाली नव्हतीस

प्रिय आई,

तुझ्या स्मरणाच्या उपासनेत मी जे सांगितलं त्यात एक चूक आहे. ती आधी दुरुस्त करते. मी म्हणाले होते, “माझी आई ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, आमेन’ असं म्हणत शांतपणे देवाघरी गेली.” तू तसं म्हणाली नव्हतीस. ‘आमेन’ मी म्हणाले होते.

हे तुला सांगायची काय गरज? तू तिथेच होतीस. पण परवा अकोल्याहून सुनंदामावशीचा फोन आला, आणि तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. शाळेत मुलांना पाढे देते आणि मनात तुझ्याशी बोलत राहते. आज म्हटलं, लिहूनच काढावं. देवाशी बोलता येत नाही, निदान तुझ्याशी तरी!

मावशीला तुझाच आजार झालाय, आई. तुझी अचलपूरची मैत्रीण, एका बाकावर बसून तुम्ही दोघी गाणी म्हणायचात, आणि आजारही एकच यावा? औषधं आता बंद केली आहेत म्हणे. आवाज इतका बारीक झालाय की मी आधी ओळखलाच नाही.

“एस्तू, एक विचारू का? खरं सांगजो.”

“विचार ना मावशी.”

“तुझी माय अखेरीले एवढी शांत कशी काय होती वं? मी रोज तोंडानं म्हणते, देवा, तुझी इच्छा. अन् मनात म्हणते, नको रे बाबा, एवढ्यात नको. असं दोन तोंडाचं देवाले चालत असन का?”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“रविवारी उपासना झाली का सारी मंडळी घरी येऊन राहिली, माह्यासाठी प्रार्थना कराले. इथल्या चर्चचे पाळकसाहेब तेच म्हणतीन, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. अन् मले आमेन म्हणा लागन. तुझ्या मायनं म्हटलं तसं. मले नाई जमून राहिलं, पोरी. माहा विश्वासच कच्चा हाय. मले घेईन का तो?”

काय म्हणाले असेन मी? “प्रार्थना करते, मावशी.” एवढंच! आणि फोन ठेवला.

तेही खोटंच होतं. तू गेल्यापासून मी एक प्रार्थना पुरी केलेली नाही. सुरुवात करते. “हे पित्या” म्हणते. मग तपासते, हे मनापासून म्हटलं का? नसेल तर पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तपासते. शेवटी गुडघे दुखायला लागतात आणि मी उठून भांडी घासते. चर्चमध्ये सगळे प्रभूची प्रार्थना म्हणतात तेव्हा मी ओठ हलवते, आवाज काढत नाही. शेजारच्या बाईला वाटत असेल, किती भक्तिभावानं हळू म्हणते ही!

हे तूच मला शिकवलंस ना? दम्यामुळे मला शाळेत उशिरा घातलं. तोवर तुझ्या शिलाई मशीनशेजारी, ब्लाउजांच्या चिंध्यांत बसून मी अक्षरं शिकले, गीतांच्या पुस्तकातल्या मोठ्या ठशावर बोट फिरवत. प्रार्थनाही तिथेच शिकले. तुझा एकच नियम होता: “मनात नसन तं आमेन म्हणू नको. आमेन म्हणजे सही हाय. वाचल्याबिगर सही करते का कोनी?”

कापणीच्या सणाची ती उपासना आठवते? पाळकसाहेबांची प्रार्थना इतकी लांबली की मोर्शीहून आलेल्या संत्र्यांच्या टोपल्यांकडे बघत मला डुलकी लागली. सगळ्यांनी आमेन म्हटलं. कोणीतरी मला कोपरानं ढोसलं. मी भर चर्चमध्ये म्हणाले, “मी नाही म्हणणार, मी ऐकलंच नाही!” अख्खा बाक हसला. बाबा लाजेनं लाल. घरी जाताना तू म्हणालीस, “बरोबर केलं. पण जरा हळू बोलत जा वं.”

आणि तुझी स्वतःची प्रार्थना! मंडळीतल्या बायका “हे परमकृपाळू, परमदयाळू” असं सुरू करायच्या, आणि तू आपली वऱ्हाडीत: “बापा, आज भाजी करपली, मी लेकरावर ओरडली, माफ कर.” वलगावची भाजीवाली दारात यायची ना, तिनं एकदा म्हटलं, “बाई, तुमच्या देवाले सांगा जरा माह्या पोराचं, नोकरी नाई लागून राहिली.” तू तिथेच पायरीवर डोळे मिटलेस. “बापा, हिच्या पोराले काम लागू दे. अन् हिले सांग, जुडी जरा मोठी बांधत जा.” ती बाई हसून हसून खाली बसली. जाताना पदरानं डोळे मात्र पुसत होती.

अशी होतीस तू. आणि मी चर्चमध्ये उभी राहून कोणाचं वर्णन केलं? ती शांत, हात जोडलेली, सगळ्याला तयार असलेली बाई कोण होती? मला तर ती माहीतच नाही.

ती सकाळ मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. पुढच्या खोलीत तुझी खाट. पाळकसाहेबांचा हात तुझ्या कपाळावर. पायाशी बाबा, दाराशी भगिनी मंडळाच्या बायका. प्रार्थना सुरू झाली आणि तू माझी बाही ओढलीस. मी वाकले. मला वाटलं, पाणी हवंय.

“नाई म्हन त्याले,” तू म्हणालीस. “मले नाई जायचं.”

“आई, शांत राहा ना.”

“माह्याच्यानं होत नाई. तू सांग. मले राह्यचं हाय म्हन. सांग नं वं.”

पाळकसाहेब शेवटाला आले होते. “तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.” तुझे ओठ अजून हलत होते, आणि मला, आई, मला लोकांची लाज वाटली! बायका काय म्हणतील? एवढी प्रार्थनेची बाई, आणि शेवटी अशी? म्हणून मी मोठ्यानं आमेन म्हणाले. तुझा आवाज त्यात बुडावा म्हणून. तू माझी बाही सोडलीस. त्यानंतर तू बोललीच नाहीस. दुपारी गेलीस.

बायका बाहेर एकमेकींना सांगत होत्या, “बहिणीचे ओठ पाहिले का? आमेन म्हटलं तिनं.” मी नुसती मान हलवली. मान हलवायला काय लागतं? पण स्मरणाच्या दिवशी उभी राहिले तेव्हा तेच वाक्य तोंडातून निघालं, तयार, शिवलेल्या कपड्यासारखं. आता ते अकोल्यापर्यंत पोचलंय आणि एका आजारी बाईच्या उशाशी जाऊन बसलंय.

काल जेवताना बाबांना विचारून पाहिलं. “बाबा, आई खरंच तसं म्हणाली असेल का?”

घास हातातच राहिला त्यांचा. “मंग? तूनंच तं सांगितलं ना चर्चमंदी.” आणि माझ्याकडे न बघता, “मले तेवढंच पुरते, एस्तू. तिनं कबूल केलं अन् गेली. नाईतं मी...” वरणभात चिवडत बसले.

एवढ्या मोठ्या घरात त्यांचा तोच एक आधार. तो काढून घेऊ का मी?

एक गोष्ट मला छळते, आई. तुझा निरोप मी देवाला पोचवला असता, तर? त्यानं ऐकलं असतं का? मी शिकलेली मुलगी आहे, मला कळतं, मुलीनं एक वाक्य न म्हटल्यानं कोणाचा जीव जात नाही. पण मग दुसरं टोक येतं, आणि ते जास्त वाईट आहे. मी म्हटलं असतं तरीही तू गेलीच असतीस. तर मग आपण दोघी त्या मशीनशेजारी इतकी वर्षं काय करत होतो? कोणाशी बोलत होतो? पाळकसाहेबांना विचारावं तर आधी सगळं सांगावं लागेल.

तुझ्यावर रागही येतो. हो, येतो! शब्द तोलून बोलायला शिकवलंस, इतकं की आता एकही शब्द तोलात उतरत नाही. मनात नसेल तर म्हणू नकोस, हे सांगितलंस. पण मनात काहीच उरलं नसेल तर काय करायचं, ते काहून नाही सांगितलंस? तुला माहीत होतं का? की शेवटच्या दिवसांत तुझंही असंच कोरडं झालं होतं, आणि मी शेजारी बसून उशीचे अभ्रे बदलत राहिले, विचारलंसुद्धा नाही?

एवढं मात्र मी पुन्हा पुन्हा आठवून तपासलंय. तू देवाकडे पाठ फिरवली नव्हतीस. “नाई म्हन त्याले” म्हणालीस. त्यालाच सांगायचं होतं तुला, त्याच्या तोंडावर. माझ्याकडे आज तेवढंही नाही. नको आहे हेसुद्धा मला त्याला सांगता येत नाही.

पण मावशीला येतं. ती रोज सांगते, मनात, चोरून, आणि त्यालाच पाप समजते. माझ्या एका वाक्यामुळे! रविवारी सगळ्यांच्या देखत ती आमेन म्हणेल, तुझ्यासारखं व्हायला. मग उरलेले दिवस, आपण मरताना देवाशी खोटं बोललो या भीतीत काढेल. नको, आई. तिचं तसं होऊ देणार नाही.

मी बाबांना घेऊन अकोल्याला जाणार आहे. हे दोनदा सांगण्याची ताकद माझ्यात नाही, म्हणून दोघांना एकदमच सांगेन, तिच्या खाटेजवळ बसून, तुझ्याच शब्दांत. बाबा माझ्याशी बोलायचे बंद होतील कदाचित. परतीच्या गाडीत आम्ही कसे बसू, याचा विचार करवत नाही.

आणि मावशी म्हणाली, “माह्यासाठी सांग त्याले,” तर मी सांगेन. तिच्या शब्दांत, मोठ्यानं, दारात कोण उभं आहे ते न बघता. मला स्वतःला ऐकणारा कोणी जाणवो न जाणवो. हे वचन तुला देते.

मंडळी तिच्या घरी रविवारी जमणार. मी त्याच्या आदल्या दिवशी पोचेन. येत्या शनिवारी, सकाळच्या पहिल्या गाडीनं.

तुझी,
एस्तेर