नाटकाची डिस्क आणि आपली

अहो,

चार दिवस जेवण गार करून तुम्ही कॉलेजच्या नाटकाची डिस्क त्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर लावायला बसताय. आज सकाळी मीच बसले. तुम्ही ती गोल गोल पुसत होतात, मी मधून कडेपर्यंत सरळ पुसली. लगेच चालली. तुमची नायिकाबाई दिसायला छानच आहे हो. तिच्याकडे बघता बघता तुम्ही संवाद विसरलात, तेही दिसलं.

आपल्या लग्नाची डिस्क नऊ वर्षं “चालत नाही” म्हणून कपाटात पडली होती. तीही पुसली. चालली!

आता तीच आत आहे. ट्रे नेहमीसारखा अडकलाय आणि तो उघडायची टाचणी माझ्या पर्समध्ये आहे.

मी सातला येते. तोवर लग्न नीट बघून ठेवा. आल्यावर प्रश्न विचारणार आहे.